ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकांची अमेरिकी रूपांतरे : गरज, मर्यादा आणि निकष

सारांश

एका भाषेत निर्माण झालेली मालिका त्याच भाषेच्या दुसऱ्या देशातील प्रेक्षकांसाठी पुन्हा निर्माण करावी काय, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. ब्रिटिश मालिकांच्या अमेरिकी आवृत्त्यांचा इतिहास सहा दशकांचा असून त्यात मोठे यश आणि ठळक अपयश दोन्ही आढळतात. निवडक मालिकांच्या आधारे या यशापयशाची कारणे येथे तपासली आहेत. मूळ मालिकेचा ताण ज्या सामाजिक संस्थेतून निर्माण होतो, तिच्या जागी अमेरिकी समाजातील तितकीच खरी संस्था रूपांतरकाराला सापडली, तरच रूपांतर समर्थनीय ठरते. केवळ उच्चार आणि स्थळ बदलणारी पुनर्निर्मिती प्रेक्षकाला काही देत नाही, उलट त्याच्याकडून काही काढून घेते, अशी मांडणी येथे केली आहे.

बीजसंज्ञा : रूपांतर, पुनर्निर्मिती, दूरचित्रवाणी मालिका, वर्गभेद, सामाजिक संस्था, प्रेक्षक.

१. प्रस्तावना

कलाकृती एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येते तेव्हा तिचे रूप काही प्रमाणात बदलणार, हे गृहीतच असते. मराठी रंगभूमीला हा अनुभव फार जुना आहे. गो. ब. देवल यांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' केले, पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिले. शॉच्या नाटकात लंडनची रस्त्यावरची बोली आणि उच्चभ्रूंची इंग्रजी यांच्यातील अंतर हेच नाटकाचे मर्म आहे. पु.लं.नी ते अंतर मराठीतील बोली आणि प्रमाणभाषा यांच्यात शोधले, म्हणून ते नाटक मराठी झाले. येथे रूपांतराची गरज कोणालाही समजावून सांगावी लागत नाही, कारण भाषाच वेगळी आहे.

ब्रिटिश मालिका अमेरिकेत जाते तेव्हा मात्र ही सोय उरत नाही. प्रवास इंग्रजीकडून इंग्रजीकडे होतो. शब्द कळतात, व्याकरण कळते, विनोदाचा वाच्यार्थही कळतो. असे असूनही अमेरिकी वाहिन्यांनी १९७० च्या दशकापासून ब्रिटिश मालिका विकत घेऊन त्या नव्या नटांसह, नव्या गावी, नव्याने चित्रित केल्या. भाषेचा अडसर नसताना होणारे हे रूपांतर अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. दोन समाजांमधील अंतरातून भाषा वजा केली असता काय शिल्लक राहते, हे येथे स्पष्टपणे पाहता येते.

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर व्यवसायाचे आहे : एका देशात यशस्वी ठरलेली कल्पना दुसऱ्या देशात कमी जोखमीची असते, म्हणून ती घ्यावी. दुसरे उत्तर मूळ कृतीच्या चाहत्यांचे आहे : मूळ कृती उपलब्ध असताना नक्कल कशासाठी? पहिल्या उत्तरात कलेचा विचार नाही आणि दुसऱ्यात समाजाचा नाही. म्हणून या दोहोंच्या पलीकडे जाऊन निकषाचा शोध घेणे आवश्यक ठरते.

२. दोन व्यवस्था आणि मालिकेचा आकार

रूपांतराचा विचार करताना दोन्ही देशांतील दूरचित्रवाणीची घडण प्रथम लक्षात घ्यावयास हवी. बीबीसी ही संस्था ब्रिटनमध्ये परवाना शुल्कावर चालते आणि तेथील तिच्या वाहिन्यांवर जाहिराती नसतात. विनोदी मालिकेचे पर्व बहुधा सहा भागांचे असते आणि ते एक किंवा दोन लेखक लिहितात. जॉन क्लीज व कॉनी बूथ यांच्या 'फॉल्टी टॉवर्स'चे १९७५ आणि १९७९ मिळून अवघे बारा भाग झाले. लेखकांना सांगावयाचे होते ते संपले आणि मालिकाही संपली.

अमेरिकी व्यापारी वाहिन्यांची रीत निराळी आहे. तेथे एका पर्वात वीस-बावीस भाग असण्याची दीर्घ परंपरा होती. अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता सुमारे बावीस मिनिटे कथेसाठी उरतात. लेखन एका खोलीत बसणारा लेखकांचा चमू करतो. शंभराच्या आसपास भाग झाले की मालिका पुनःप्रक्षेपणासाठी स्थानिक केंद्रांना विकता येते आणि खरी कमाई तेथून होते. याचा अर्थ असा की, अमेरिकी मालिका न संपण्यासाठी रचलेली असते.

हा फरक वरवर तांत्रिक दिसला तरी त्याचा परिणाम आशयापर्यंत पोहोचतो. सहा भाग चालणाऱ्या मालिकेचा नायक असह्य असला तरी चालतो. जो माणूस दोनशे भाग घरी येणार आहे, तो प्रेक्षकाला थोडातरी हवाहवासा वाटलाच पाहिजे. ब्रिटिश विनोदाचा कडवटपणा अमेरिकेत सौम्य होतो, याचे कारण अमेरिकी प्रेक्षकाच्या बुद्धीत शोधण्याऐवजी प्रथम या अर्थकारणात शोधावयास हवे.

३. आल्फ गार्नेट आणि आर्ची बंकर

जॉनी स्पेट यांची 'टिल डेथ अस डू पार्ट' ही मालिका बीबीसीवर १९६६ मध्ये सुरू झाली. वॉरन मिचेल यांनी साकारलेला तिचा नायक आल्फ गार्नेट हा लंडनच्या ईस्ट एंड भागातील कामगार. तो कामगार असून मजूर पक्षाचा द्वेष करतो, राजघराण्यावर निष्ठा ठेवतो आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकाबद्दल विष ओकतो. त्याच्याशी वाद घालणारा जावई लिव्हरपूलचा आणि डाव्या विचारांचा आहे. या भांडणाचे मूळ ब्रिटिश वर्गव्यवस्थेत आहे. ज्या व्यवस्थेने आल्फला खाली ठेवले तिचीच तो पूजा करतो, यात मालिकेचा विनोद आणि तिची वेदना एकवटली आहे.

नॉर्मन लिअर यांनी ही कल्पना अमेरिकेत आणली. एबीसी वाहिनीने त्यांचे प्रायोगिक भाग नाकारल्यावर १२ जानेवारी १९७१ रोजी 'ऑल इन द फॅमिली' सीबीएसवर सुरू झाली. कॅरोल ओ'कॉनर यांचा आर्ची बंकर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो. अमेरिकेत राजघराणे नाही. म्हणून लिअर यांनी निष्ठेचे ते स्थान देशभक्तीला आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना दिले. वर्गाच्या जागी वंश आला. शेजारी जेफरसन हे कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आले, जावयाबरोबरच्या वादात व्हिएतनाम युद्ध आले. आर्चीच्या घडणीत आपल्या वडिलांच्या स्वभावाचा वाटा होता, असे लिअर यांनी सांगितले आहे. सांगाडा ब्रिटिश होता, परंतु मनुष्य अमेरिकी घरात आधीपासूनच राहत होता. ही मालिका सलग पाच हंगाम अमेरिकेत प्रेक्षकसंख्येत अग्रस्थानी राहिली.

अशा मालिकेचा धोकाही दोन्ही देशांत सारखाच होता. नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, पूर्वग्रह बाळगणाऱ्या प्रेक्षकांचा कल आर्चीची टवाळी पाहण्यापेक्षा त्याच्याशी सहमत होण्याकडे होता. उपहास हे दुधारी शस्त्र आहे, हा धडा रूपांतरालाही लागू पडला. तथापि हा धोका पत्करण्याजोगा होता, कारण मालिका ज्या विषयावर बोलत होती तो अमेरिकेचा स्वतःचा, जळता विषय होता.

रे गॉल्टन व ॲलन सिम्प्सन यांच्या 'स्टेप्टो अँड सन' (१९६२) या मालिकेचे रूपांतरही असेच बोलके आहे. लंडनमधील भंगारवाला बाप आणि उच्चभ्रू जीवनाची स्वप्ने पाहणारा, पण बापाच्या पाशातून न सुटणारा मुलगा, ही मूळ कथा. १९७२ मध्ये एनबीसीवर आलेल्या 'सॅनफोर्ड अँड सन'मध्ये हेच बापलेक लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील कृष्णवर्णीय झाले. वॉट्स म्हणजे १९६५ च्या उद्रेकाने देशभर माहीत झालेली वस्ती. मूळ मालिकेत मुलाला अडवणारी भिंत वर्गाची होती. वॉट्सचे नाव उच्चारताच अमेरिकी प्रेक्षकाला दुसऱ्या भिंतीची आठवण होत होती. रेड फॉक्स यांच्या अभिनयामुळे मालिकेचा सूर मूळच्या करुणेपेक्षा अधिक खेळकर झाला, हे खरे. पण तिने अमेरिकी पडद्यावर ज्या घराचे दार उघडले ते पूर्वी क्वचितच उघडले गेले होते.

४. 'द ऑफिस' : नकलेकडून रूपांतराकडे

नक्कल आणि रूपांतर यांतील भेद एकाच मालिकेत पाहावयाचा असेल तर 'द ऑफिस'इतके उपयुक्त उदाहरण दुसरे नाही. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांची मूळ मालिका बीबीसीवर २००१ मध्ये सुरू झाली. स्लाउ या गावातील कागद विकणाऱ्या कंपनीचे एक सामान्य कार्यालय, त्याचा आत्ममग्न व्यवस्थापक डेव्हिड ब्रेंट आणि कर्मचारीकपातीची टांगती तलवार, एवढाच तिचा ऐवज. दोन पर्वे आणि नाताळचे दोन विशेष भाग मिळून चौदा भागांत ती संपली.

ग्रेग डॅनिअल्स यांनी तयार केलेली अमेरिकी आवृत्ती २४ मार्च २००५ रोजी एनबीसीवर आली. तिचा पहिला भाग मूळ संहितेचे जवळजवळ शब्दशः अनुकरण करणारा होता. प्रसंग तेच, विनोद तेच. परंतु तो भाग निर्जीव वाटतो. स्टीव्ह कॅरेल यांचा मायकेल स्कॉट तेथे ब्रेंटचे कपडे घालून उभा असल्यासारखा दिसतो.

बदल दुसऱ्या भागापासून जाणवू लागतो. त्या भागाचा विषय आहे कार्यालयातील वांशिक विविधतेचे प्रशिक्षण. तिसऱ्या भागात कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य विम्याची योजना निवडण्याचे अप्रिय काम मायकेल आपल्या हाताखालच्या ड्वाइटवर ढकलतो आणि ड्वाइट सवलतींना कात्री लावतो. हा भाग विशेष लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे, कारण तो स्लाउमध्ये घडूच शकला नसता. ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. नोकरी गेली तरी डॉक्टर जात नाही. अमेरिकेत कोट्यवधी लोकांचा विमा नोकरीशी बांधलेला असतो. त्यामुळे तेथील कार्यालयात साहेबाचा मूर्खपणा केवळ लाज आणणारा नसतो, तो आजारी माणसाला महागात पडू शकतो. स्क्रॅन्टन येथील कार्यालय या ठिकाणी अमेरिकी झाले. यासाठी कोणताही उच्चार बदलावा लागला नाही. एक संस्था बदलावी लागली.

दुसऱ्या पर्वापासून मायकेल अधिक प्रेमळ झाला. मालिका नऊ पर्वे आणि २०१ भाग चालली व २०१३ मध्ये संपली. येथे लाभाबरोबर हानीही नोंदविली पाहिजे. मूळ मालिकेत वाया जाणाऱ्या आयुष्याची जी थंड जाणीव आहे ती अमेरिकी आवृत्तीत टिकली नाही. कार्यालय हेच कुटुंब, असा सुखद निष्कर्ष तिने काढला. तरीही ती स्वतंत्र कृती आहे, असे म्हणावे लागते. मूळ मालिका विचारते, माणूस येथे का थांबतो? अमेरिकी आवृत्ती विचारते, येथेच थांबावयाचे असेल तर कसे जगावे? दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि दुसरा पहिल्याची नक्कल नाही.

५. सत्तेचे नाट्य आणि राज्यघटना

मायकेल डॉब्ज यांच्या कादंबरीवरून अँड्र्यू डेव्हिस यांनी लिहिलेली 'हाउस ऑफ कार्ड्स' बीबीसीवर नोव्हेंबर १९९० मध्ये सुरू झाली. त्याच महिन्यात मार्गारेट थॅचर यांनी राजीनामा जाहीर केला. पडद्यावरील पक्षांतर्गत कारस्थान आणि वृत्तपत्रांतील घडामोडी एकमेकींना समांतर चालल्या. इयान रिचर्डसन यांचा फ्रान्सिस अर्कहार्ट हा हुजूर पक्षाचा मुख्य प्रतोद. ब्रिटिश संसदीय पद्धतीत सत्ताधारी पक्षाने नेता बदलला की पंतप्रधान बदलतो. त्यासाठी सार्वत्रिक निवडणूक लागत नाही. अर्कहार्टची सारी वाटचाल या एका तरतुदीवर उभी आहे.

अमेरिकेत अशी वाट नाही. बो विलिमन यांच्या अमेरिकी आवृत्तीचे पहिले पर्व नेटफ्लिक्सने १ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रदर्शित केले, तेव्हा तिच्या लेखकांसमोर खरा प्रश्न हाच होता. त्यांनी उत्तर अमेरिकी राज्यघटनेत शोधले. दक्षिण कॅरोलायनाचा प्रतिनिधी फ्रँक अंडरवुड उपराष्ट्राध्यक्षपद रिकामे करवून घेतो, तेथे नियुक्त होतो आणि राष्ट्राध्यक्षाला राजीनामा देण्यास भाग पाडून त्याच्या जागी बसतो. १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीमुळे ही वाट शक्य झाली आहे आणि ती केवळ कल्पनेतील नाही. जेरल्ड फोर्ड १९७३ मध्ये नियुक्तीने उपराष्ट्राध्यक्ष आणि १९७४ मध्ये निक्सन यांच्या राजीनाम्यानंतर राष्ट्राध्यक्ष झाले. या दोन्ही पदांसाठी त्यांना जनतेने निवडून दिले नव्हते. फोर्ड यांचा मार्ग कारस्थानाचा नव्हता, परंतु तो घटनेत होता. रूपांतरकाराने परक्या कथेच्या निमित्ताने स्वतःच्या घटनेतील एक कमकुवत सांधा प्रेक्षकाला दाखविला. हे रूपांतराचे उत्तम कार्य होय.

६. अपयशाची कारणे

अपयशी रूपांतरांची यादी मोठी आहे. तथापि त्यांच्यामागील कारणे मोजकी आहेत.

पहिले कारण म्हणजे मर्म ओळखण्यातील चूक. 'फॉल्टी टॉवर्स'च्या अमेरिकी आवृत्तीचा प्रयत्न एकाहून अधिक वेळा झाला. १९८३ च्या 'अमांडाज'मध्ये हॉटेलचा मालक बेसिल याच्या जागी स्त्री आली, त्यामुळे बेसिल आणि सिबिल यांचा धुमसता संसारच नाहीसा झाला. १९९९ च्या 'पेन'मध्ये नवराबायको परतले, पण मालिका टिकली नाही. बेसिलचा संताप हॉटेल चालविण्याच्या कटकटीतून येत नाही. तो वर्गाच्या न्यूनगंडातून येतो. पहिल्याच भागात तो एका तोतया लॉर्डसमोर लोटांगण घालतो आणि सामान्य गिऱ्हाइकांना झिडकारतो. ज्या समाजात लॉर्डच नाहीत तेथे बेसिलला लोटांगण कोणासमोर घालावयास लावायचे, याचे समर्थ उत्तर मिळाल्याशिवाय उरते ते फक्त ओरडणाऱ्या हॉटेलमालकाचे चित्र.

दुसरे कारण म्हणजे गरजेचाच अभाव. स्टीव्हन मोफाट यांच्या 'कपलिंग' (२०००) या मालिकेची तुलना 'फ्रेंड्स'शी नेहमी होत असे. एनबीसीने २००३ मध्ये तिची अमेरिकी आवृत्ती आणली आणि चार भाग दाखवून ती बंद केली. मूळच्या संहिता वापरूनही, किंबहुना त्यामुळेच, ती उपरी वाटली. शहरी तरुण मित्रांच्या गप्पा हा विषय अमेरिकेकडे आधीच होता.

तिसरे कारण म्हणजे पूर्वपरिचय. 'ब्रॉडचर्च' ही आयटीव्हीची मालिका २०१३ मध्ये अमेरिकेतही दाखविण्यात आली होती. पुढच्याच वर्षी फॉक्स वाहिनीने 'ग्रेसपॉइंट' या नावाने ती पुन्हा केली. डेव्हिड टेनंट हाच नट त्याच स्वरूपाच्या भूमिकेत, फक्त अमेरिकी उच्चारांसह, उभा राहिला. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्याऐवजी कॅलिफोर्नियाचा किनारा आला. एक पर्व होऊन मालिका थांबली. या उदाहरणात रूपांतराचा प्रश्न अगदी उघडा पडतो. नट तोच, कथा तीच, भाषा तीच. मग प्रेक्षकापासून नेमके काय दूर ठेवले गेले? फक्त परकेपणा.

७. विरोधकांचा खरा मुद्दा

रूपांतराच्या विरोधकांचा सर्वांत बळकट आक्षेप येथे उभा राहतो. अमेरिकी प्रेक्षकाला ब्रिटिश मालिका कळणार नाही, हे गृहीतक त्या प्रेक्षकाचा अपमान करणारे आहे आणि ते वस्तुस्थितीला धरूनही नाही. सार्वजनिक वाहिनी पीबीएसवर १९७१ पासून 'मास्टरपीस थिएटर'च्या रूपाने ब्रिटिश मालिका मूळ स्वरूपात दाखविल्या जात आहेत. २०११ मध्ये तेथे आलेल्या 'डाउन्टन ॲबी'ला अमेरिकेत मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. 'फ्लीबॅग'ला २०१९ चा सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली 'ॲडोलेसन्स' ही चार भागांची मालिका उत्तर इंग्लंडच्या उच्चारांसह आणि तेथील शाळा-पोलीस ठाण्यांसह अमेरिकेत पाहिली गेली व तिनेही मर्यादित मालिकेचा एमी पटकावला. अल्पवयीन मुलांच्या मनावर समाजमाध्यमांचा होणारा परिणाम हा तिचा विषय ओळखण्यासाठी कोणालाही ती कथा ओहायो किंवा टेक्सासमध्ये हलवावी लागली नाही.

या आक्षेपाच्या मुळाशी गंभीर चिंता आहे. जगातील प्रत्येक कथा स्वतःच्या उच्चारात, स्वतःच्या गावात घडलेली पाहण्याची सवय एखाद्या समाजाला लागली, तर दुसऱ्याचे दुसरेपण सहन करण्याची त्याची शक्ती क्षीण होते. ही सवय दुर्बळ समाजापेक्षा बलाढ्य समाजाला अधिक सहज लागते, कारण त्याला ती परवडते. ब्रिटनमध्येही 'लॉ अँड ऑर्डर : यूके' (२००९) सारखी अमेरिकी मालिकेची आवृत्ती झाली आहे; परंतु ब्रिटिश प्रेक्षक त्याबरोबरच असंख्य अमेरिकी मालिका मूळ स्वरूपात वर्षानुवर्षे पाहत आला आहे. दोन्ही दिशांची वाहतूक सारखी नाही.

तथापि या चिंतेतून रूपांतरावर सरसकट बंदीची मागणी निघत नाही. 'घोस्ट्स' या मालिकेचे उदाहरण येथे पुरेसे आहे. बीबीसीच्या मूळ मालिकेत (२०१९) एका जुन्या हवेलीत वेगवेगळ्या काळांतील भुते राहतात : आदिमानव, शिर तुटलेला सरदार, स्वच्छंदतावादी कवी, दुसऱ्या महायुद्धातील कॅप्टन आणि विजार नसलेल्या अवस्थेत मरण पावलेला हुजूर पक्षाचा खासदार. सीबीएसने २०२१ मध्ये सुरू केलेल्या आवृत्तीत हवेली न्यूयॉर्क राज्यात आली आणि भुतेही बदलली : वायकिंग, लेनापे या मूलनिवासी जमातीतील कथेकरी, स्वातंत्र्ययुद्धातील अधिकारी, दारूबंदीच्या काळातील कृष्णवर्णीय गायिका. विजार नसलेला खासदार वॉल स्ट्रीटवरचा दलाल झाला. लज्जास्पद मरणासाठी ब्रिटिश लेखकांना राजकारणी सुचला आणि अमेरिकी लेखकांना पैशाचा व्यापारी, यात दोन समाजांच्या टीकेचे लक्ष्य कसे वेगळे आहे ते दिसते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक तपशील लक्षणीय आहे. हवेलीत राहावयास आलेल्या दांपत्यातील पती जय हा अमेरिकी आवृत्तीत भारतीय वंशाचा असून त्याचे आडनाव आरोंदेकर आहे. सावंतवाडी तालुक्यातील गोव्याच्या सीमेलगतच्या आरोंदा गावाची आठवण करून देणारे हे आडनाव अमेरिकी घरगुती विनोदात सहजपणे वावरते. मूळ मालिकेत हे स्थान कृष्णवर्णीय ब्रिटिश पात्राचे होते. स्थलांतरितांचा इतिहास प्रत्येक देशाचा वेगळा, म्हणून जावईही वेगळा.

याहून महत्त्वाची घटना २०२३ ची आहे. लेखक व नटांच्या संपामुळे नवे भाग तयार होत नसताना सीबीएसने मूळ ब्रिटिश 'घोस्ट्स' आपल्याच वाहिनीवर दाखविली. मूळ आणि रूपांतर एकाच प्रेक्षकाला एकाच ठिकाणी पाहावयास मिळाले. रूपांतराने मूळ कृतीकडे जाणारी वाट बंद करण्याऐवजी उघडली, तर विरोधकांच्या आक्षेपाची धार बरीच बोथट होते.

८. भारतीय उदाहरणाचा प्रकाश

निकषाची फेरतपासणी करण्यासाठी एक भारतीय उदाहरण उपयोगी पडते. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांच्या 'येस मिनिस्टर' (१९८०) मध्ये मंत्री येतात-जातात, पण सचिव सर हम्फ्री कायम असतात. या मालिकेवरून २००१ मध्ये स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' ही हिंदी मालिका आली. मंत्र्यांची भूमिका फारुख शेख यांनी केली होती. भाषा वेगळी असूनही भारतीय प्रेक्षकाला सर हम्फ्री ओळखीचे वाटले, कारण कायम सनदी सेवेची ती व्यवस्था भारताने ब्रिटिशांकडूनच घेतली आहे. मंत्रालयातील फायलीचा प्रवास ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. अमेरिकेत मात्र नवा राष्ट्राध्यक्ष येताच प्रशासनातील सुमारे चार हजार पदांवर राजकीय नियुक्त्या होतात. मंत्र्याला पुरून उरणारा सर हम्फ्री त्या रचनेत सहजासहजी उभा राहत नाही. अर्थात, भाषा सारखी असलेल्या देशापेक्षा संस्था सारखी असलेला देश या मालिकेला अधिक जवळचा ठरला.

अमेरिकी राजकारणावर तसा विनोद करावयाचा झाल्यास काय करावे लागते, हे अर्मांडो इयानुची यांनी दाखवून दिले. ब्रिटिश सरकारी यंत्रणेवरील त्यांच्या 'द थिक ऑफ इट' (२००५) या मालिकेची अमेरिकी आवृत्ती करण्याचा एबीसीचा २००७ मधील प्रयत्न प्रायोगिक भागापुढे गेला नाही. पुढे इयानुची यांनीच २०१२ मध्ये एचबीओसाठी 'व्हीप' निर्माण केली. तिच्या केंद्रस्थानी आहे उपराष्ट्राध्यक्षाचे पद, म्हणजे सत्तेपासून एका श्वासाचे अंतर आणि हाती जवळजवळ काहीच नाही. असे पद ब्रिटनमध्ये नाही. लेखक तोच असूनही त्याने जुनी मालिका उचलून नेली नाही. नव्या देशातील हास्यास्पद जागा नव्याने शोधली.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ब्रिटिश मालिकांची अमेरिकी रूपांतरे करावीत काय, या प्रश्नाचे उत्तर सरसकट होकारार्थी किंवा नकारार्थी देता येत नाही. मूळ मालिकेचा ताण कोणत्या सामाजिक संस्थेतून येतो आणि तिच्याइतकीच खरी संस्था अमेरिकेत कोणती, या प्रश्नाचे उत्तर ज्या रूपांतराकडे आहे ते समर्थनीय ठरते.

२. 'ऑल इन द फॅमिली'ने वर्गाच्या जागी वंश ठेवला, 'द ऑफिस'ने आरोग्य विमा आणला, 'हाउस ऑफ कार्ड्स'ने घटनादुरुस्तीचा आधार घेतला आणि 'घोस्ट्स'ने इतिहासच बदलला. या चारही ठिकाणी रूपांतराने अमेरिकेला अमेरिकेविषयी काही सांगितले.

३. 'कपलिंग' आणि 'ग्रेसपॉइंट' यांनी स्थळ व उच्चार बदलले. त्यांच्याकडे स्वतःचे सांगण्यासारखे काही नव्हते. अशा वेळी मूळ मालिका दाखविणे हाच प्रेक्षकाचा अधिक मोठा सन्मान होय.

४. भाग-संख्या, जाहिराती आणि पुनःप्रक्षेपण यांच्या अर्थकारणामुळे रूपांतराचा सूर सौम्य होतो. ही हानी यशस्वी रूपांतरांतही घडते, म्हणून रूपांतर हे मूळ कृतीला पर्याय ठरू शकत नाही. मूळ कृती सहज उपलब्ध असणे ही रूपांतराच्या नैतिकतेची अट मानली पाहिजे.

५. भाषा समान असली म्हणजे समाज समान असतो, हा समज या इतिहासाने खोटा ठरविला आहे.

आजच्या प्रेक्षकाला मूळ ब्रिटिश मालिका घरबसल्या पाहता येते. त्यामुळे 'येथे ती मिळत नव्हती म्हणून पुन्हा केली' ही सबब आता उरलेली नाही. यापुढील प्रत्येक रूपांतराला आपल्या अस्तित्वाचे कारण स्वतःच द्यावे लागेल. स्क्रॅन्टनच्या कार्यालयाने ते तिसऱ्या भागात, विम्याच्या एका अर्जावर दिले. ज्या रूपांतरांना ते देता आले नाही, त्यांनी प्रेक्षकाला शेजारच्या घराची खिडकी मिटून आपल्याच घरातील आरशासमोर बसविले, एवढेच म्हणावे लागते.